परदेशात सैन्य पाठवायचं, ते कोणाच्या शब्दावर?

दापोली तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "माझा धाकटा मुलगा नौदलात आहे. त्याचं जहाज काही महिने एडनच्या आखाताकडे होतं. अमेरिकेत अध्यक्षाला ६० दिवसांपलीकडे लढाई चालवायची तर तिथल्या काँग्रेसची परवानगी लागते, असं वाचलं. आपल्याकडे कोणाची लागते? लोकसभेनं अशा गोष्टीवर मतदान केल्याचं मला तरी आठवत नाही. मग हे कायद्यात बसतं का? आणि आपण काय करायचं?"

बाई, तुमची आठवण बरोबर आहे. भारताबाहेर सैन्य पाठवण्याआधी संसदेची परवानगी घ्यावी, असं बंधन आपल्या घटनेत नाही आणि संसदेनं केलेल्या कुठल्या कायद्यातही नाही. निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेतं, प्रत्यक्षात मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. तो कायद्यात बसतो. पण यावरून आपल्या संसदेला याबाबत अधिकारच नाही, असा निष्कर्ष काढू नका. अधिकार भरपूर आहे, तो वापरलेला नाही. मी ३४ वर्षं रत्नागिरीत वकिली करतो आहे. फौजेतल्या आणि बोटीवरच्या लोकांची, त्यांच्या मागे राहिलेल्यांची कामं माझ्याकडे जास्त येतात, आणि हा फरक त्यांच्या कागदांत मला वारंवार दिसला आहे.

आधी तुमच्या मुलाच्या जहाजाचं सांगतो, कारण जीव तिथे अडकला असणार. एडनच्या आखातात आपलं नौदल ऑक्टोबर २००८ पासून चाचेगिरीविरुद्ध गस्त घालतं आहे. खुल्या समुद्रात चाच्यांचं जहाज कुठल्याही देशानं पकडावं, अशी मुभा आंतरराष्ट्रीय सागरी कायदा देतो. आपल्या देशातल्या कायद्याची बाजू मात्र कितीतरी वर्षं लंगडी होती. पकडलेल्या चाच्यावर कुठलं कलम लावायचं, हाच प्रश्न पडायचा, कारण भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेनं सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला आणि नौदलाला खुल्या समुद्रात जहाजावर चढण्याचा, ते जप्त करण्याचा, माणसं अटक करण्याचा अधिकार नावानिशी दिला. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' हे मालवाहू जहाज सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर सोडवलं गेलं. 'आयएनएस कोलकाता' ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत घेऊन आली आणि त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलं, ते याच कायद्याच्या जोरावर. तेव्हा तुमचा मुलगा चाच्यांविरुद्ध गेला असेल तर त्याच्या पाठीशी संसदेचा शब्द आहे. सभागृहानं आधी विचार केला आणि मग सैनिकाच्या हाती अधिकार दिला, अशा आपल्याकडच्या स्वच्छ उदाहरणांतलं हे एक. अशी फार नाहीत.

आता घटनेकडे येऊ. अनुच्छेद ५३ (२) सांगतो की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असेल आणि त्याचा वापर कायद्यानं विनियमित केला जाईल. वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या अर्ध्याकडे कोणी पाहत नाही, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. "कायद्यानं" म्हणजे संसदेच्या कायद्यानं. सातव्या अनुसूचीतली संघसूची, म्हणजे केंद्राच्या विषयांची यादी, उघडा: नोंद १ संरक्षणाची, नोंद २ भूदल, नौदल, वायुदलाची आणि नोंद १५ मध्ये फक्त दोन शब्द आहेत, युद्ध आणि शांतता. या सगळ्यांवर कायदा करण्याची सत्ता संसदेची. मग संसदेनं काय केलं? १९५० मध्ये भूदलाचा आणि वायुदलाचा कायदा केला, १९५७ मध्ये नौदलाचा. त्यांत भरती आहे, शिस्त आहे, कोर्ट मार्शल आहे. सैन्य सीमेपलीकडे कधी, किती दिवस आणि कोणाला कळवून न्यायचं, याबद्दल एक ओळ नाही.

जिथे कायदा नाही तिथे सरकारचे हात मोकळे राहतात. संसद ज्या विषयावर कायदा करू शकते त्या विषयात केंद्राची कार्यकारी सत्ताही चालते, असं अनुच्छेद ७३ म्हणतो, आणि त्यासाठी आधी कायदा झालेलाच असला पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५५ साली राम जवाया कपूर खटल्यात स्पष्ट केलं. मोकळ्या जागेत सरकार उभं राहतं. संसदेनं तिथे कुंपण घातलं की सरकारला मागे सरावं लागेल. कुंपण घालायला घटनादुरुस्तीही लागत नाही, साधा कायदा पुरतो.

एक घोटाळा नेहमी होतो, तो इथेच सोडवतो. पुष्कळांना वाटतं की आणीबाणीला संसदेची मंजुरी लागते म्हणजे युद्धाला लागते. तसं नाही. अनुच्छेद ३५२ खाली युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणानं आणीबाणी पुकारली तर एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमतानं ती मंजूर करावी लागते, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. ही मंजुरी देशातल्या नागरिकांचे हक्क आवळण्यासाठी असते. तोफ डागण्याची परवानगी तिच्यात नसते. १९९९ मध्ये कारगिलला लढाई झाली, आणीबाणी पुकारली नव्हती.

पैशाची दोरी तरी संसदेच्या हाती आहे ना, असं तुम्ही विचाराल. आहे. अनुच्छेद ११४ प्रमाणे विनियोजन कायद्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही. अनुच्छेद ११६ मध्ये प्रत्ययानुदान नावाची तरतूद आहे: खर्च किती होईल याचा अंदाजच बांधता येत नाही अशा अनपेक्षित मोठ्या कामासाठी. पण २०२५-२६ चा संरक्षण खर्च सुमारे ६ लाख ८१ हजार कोटींचा. त्यात एखादं जहाज चार महिने दूर राहिलं किंवा एखादी तुकडी विमानानं गेली, तर वेगळी मागणी सभागृहासमोर आणावीच लागत नाही. अनेक खात्यांच्या मागण्या तर मागण्यांवरच्या चर्चेसाठी ठरवलेल्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकदम मंजूर होतात. दोरी हातात आहे, पण इतकी सैल की ओढ जाणवत नाही.

अमेरिकेची गोष्ट नीट समजून घ्या, कारण ६० दिवसांचा आकडा ऐकायला जितका भक्कम वाटतो तितका तो निघालेला नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना मसुद्यात काँग्रेसला युद्ध "करण्याचा" अधिकार होता. मॅडिसन आणि गेरी या दोन प्रतिनिधींनी सुचवलं की शब्द बदलून युद्ध "जाहीर करण्याचा" म्हणावं, म्हणजे अचानक हल्ला झाला तर तो परतवायला अध्यक्ष मोकळा राहील. हा "अचानक" शब्द लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. अध्यक्ष सरसेनापती, युद्ध जाहीर करणारी काँग्रेस, आणि सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा मंजूर करायचा नाही, अशी ती वाटणी. अमेरिकेनं शेवटचं युद्ध रीतसर जाहीर केलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान. एकदाही युद्ध जाहीर झालं नाही. कोरियात १९५० साली अध्यक्ष ट्रुमन काँग्रेसकडे गेलेच नाहीत. व्हिएतनामसाठी ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताचा ठराव झाला, प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. एवढ्या एका ठरावावर वर्षानुवर्षं माणसं मेली.

त्या पश्चात्तापातून १९७३ चा युद्ध अधिकार ठराव आला. अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसनं ७ नोव्हेंबर १९७३ ला दोनतृतीयांश मतांनी तो मोडून काढला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवा. ६० दिवसांत काँग्रेसनं परवानगी दिली नाही तर थांबा. सैन्य सुखरूप परत आणायला फार तर आणखी ३० दिवस. कागदावर याहून चोख काय असेल? पण २०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले सुरू झाले, ६० दिवस उलटले, आणि सरकारच्या विधिज्ञांनी सांगितलं की जमिनीवर आपले सैनिक नाहीत, समोरून सतत गोळीबार नाही, म्हणून याला कायद्यातला "लढाई" हा शब्द लागूच पडत नाही. घड्याळ एका शब्दापाशी थांबवलं. दुसरी खीळ न्यायालयाकडून बसली. मूळ ठरावात होतं की काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी साधा ठराव केला की अध्यक्षानं सैन्य मागे घ्यावं, त्यावर अध्यक्षाची सही लागणार नाही. १९८३ च्या चढ्ढा खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा बिनसहीच्या ठरावांनाच घटनाबाह्य ठरवलं. आता काँग्रेसला "थांबा" म्हणायचं तर अध्यक्षाचा नकाराधिकार मोडण्याइतकी मतं हवीत. येमेनबाबत २०१९ मध्ये आणि इराणबाबत २०२० मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव केले, दोन्हींवर अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि ठराव तिथेच संपले.

काँग्रेसचं खरं बळ दिसलं ते पैसा रोखला तेव्हा. १५ ऑगस्ट १९७३ नंतर कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममधल्या लढाईवर एक पैसा खर्च करायचा नाही, असं तिनं कायद्यानं ठरवलं आणि बॉम्बफेक थांबली.

इथून पुढे मी तुम्हाला रत्नागिरीत आणतो. तुम्ही शाळेची सहल घेऊन थिबा राजवाड्यात नक्की आल्या असाल. मुलांना आपण सांगतो, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इथे नजरकैदेत होता, १८८६ मध्ये आला, १९१६ मध्ये इथेच वारला, राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला. पण त्या राजाला इथे आणणारी फौज कोणाच्या परवानगीनं गेली होती, हे आपण मुलांना सांगत नाही. मलाही वकिली सुरू करून दहा वर्षं झाल्यावर कळलं. आमच्या बार रूममध्ये जुन्या कायद्यांचा एक गठ्ठा होता, वाळवीनं कडा खाल्लेला. त्यात १८५८ चा भारत सरकार कायदा मिळाला, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं तो. त्याचं ५५ वं कलम वाचून मी उभाच राहिलो. हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही. अपवाद दोन: प्रत्यक्ष आक्रमण परतवणं, किंवा अन्य अचानक आणि निकडीची गरज. तोच "अचानक". आणि त्याच्या आधीचं ५४ वं कलम: हिंदुस्थानातल्या फौजांना लढाई सुरू करण्याचा हुकूम धाडला, तर पार्लमेंट भरलेलं असल्यास तीन महिन्यांत तिला कळवलं पाहिजे.

म्हणजे परक्यांच्या राज्यात, परक्यांच्या पार्लमेंटनं, आपल्या पैशावर परदेशी लढाई करण्यावर लेखी बंधन घातलं होतं. आज आपल्या घटनेत, आपल्या संसदेच्या बाजूनं, तसं कलम नाही.

ते कलम पाळलं गेलं का? नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिशांच्या फौजा ब्रह्मदेशातल्या इरावती नदीतून वर गेल्या. २८ नोव्हेंबरला राजधानी मंडाले पडली. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा झालं. हिंदुस्थानच्या महसुलातून या मोहिमेचा खर्च करण्याच्या संमतीचा ठराव हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चेला आला तो फेब्रुवारी १८८६ मध्ये. राजा तोवर राज्य घालवून बसला होता आणि एप्रिलमध्ये तो इथे, आपल्या समुद्राकडे तोंड करून राहायला आला. दरम्यान डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या आपल्या राष्ट्रीय काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनानं ब्रह्मदेश खालसा करण्याला विरोधाचा ठराव केला होता, पण त्या ठरावाला कायद्यात किंमत नव्हती. पुढे १८९७ मध्ये, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर लंडनला जाऊन हिंदुस्थानच्या महसुलातून होणाऱ्या लष्करी खर्चाविरुद्ध साक्ष दिली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ते आपल्या गुहागरकडच्या कोतळूकचे. कोणाच्या पैशावर कोणाची लढाई, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही.

थिबाच्या गोष्टीतून मी एक धडा घेतला आणि अमेरिकेच्या गोष्टीनं तो पक्का झाला. नुसती "संमती लागेल" असं लिहून भागत नाही. संमती कधीपर्यंत, आणि नाही मिळाली तर काय, हे लिहिलेलं नसेल तर ती लढाई संपल्यावरची सही होते.

मग आपल्या घटनाकारांनी असं कलम का घातलं नाही? विसरले म्हणून नाही. डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचं मूळ गाव तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना अमेरिकी पद्धत आणि संसदीय पद्धत यांची तुलना केली. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीनं होतो, निवडणुकीला. संसदीय पद्धतीत तो रोज होतो: प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या ठरावानं, स्थगन प्रस्तावानं, अभिभाषणावरच्या चर्चेनं. स्थैर्यापेक्षा जबाबदारीला आपण जास्त वजन दिलं आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. युद्धाचा अधिकारही त्याच विश्वासावर सरकारकडे सोडलेला आहे. अमेरिकेचा अध्यक्ष काँग्रेसचा विश्वास गमावला तरी खुर्चीवर राहतो, म्हणून तिथे वेगळं कुलूप लागतं. आपला पंतप्रधान लोकसभेचा विश्वास गेला की घरी जातो.

हा विचार मला आजही पटतो. आणि तो चालतो, याचा पुरावाही आहे. मार्च २००३ मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली. एप्रिलमध्ये आपल्या संसदेनं एकमतानं ठराव केला. शब्दावरून बरेच दिवस घासाघीस झाली होती. शेवटी हिंदी मसुद्यात "निंदा" आला आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. (मराठीत निंदा म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं, आपण म्हटलं असतं "निषेध". हिंदीत मात्र तो निषेधाचाच शब्द आहे.) त्यानंतर इराकमध्ये सैन्य पाठवा, अशी अमेरिकेची मागणी होती, एक अख्खी डिव्हिजन, सुमारे १७,००० जवान. सरकारमध्ये त्याला अनुकूल मतही होतं. १४ जुलै २००३ ला सुरक्षाविषयक समितीनं नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता. कारणं आणखीही होती. पण जे सभागृह एका आवाजात बोललं होतं, त्याच्याकडे पाठ फिरवून सैन्य पाठवणं सोपं नव्हतं. कायद्याचं कसलंही बंधन नसताना सभागृहाच्या शब्दानं १७,००० घरांतली माणसं घरी राहिली.

पण रोजचा हिशेब व्हायचा तर हिशेब घेणारा रोज दुकानात बसलेला हवा. आपली संसद स्वतःला बोलावू शकत नाही. अनुच्छेद ८५ प्रमाणे अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात, म्हणजे सरकार बोलावतं, आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपर्यंत अंतर चालतं. कारगिलच्या वेळी तर लोकसभाच बरखास्त झालेली होती. राज्यसभेचं खास अधिवेशन घ्या अशी विरोधकांची मागणी होती, ते घेतलं गेलं नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सर्वपक्षीय बैठक झाली. लोकसभेत चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस, नेहमीच्या पावसाळी अधिवेशनात. उलट १९६२ मध्ये लढाई चालू असताना, चीन आत घुसलेला असताना, ८ नोव्हेंबरला संसद भरली आणि पंतप्रधान नेहरूंना सभागृहात बसून अत्यंत कडू बोल ऐकावे लागले. देश त्यानं कमकुवत झाला असं मला वाटत नाही.

कागदावर नाव नसलेल्या लढाईचं घरात काय होतं, हे मी खेड तालुक्यातल्या एका बाईंच्या कामात पाहिलं. नवरा श्रीलंकेत शांतिसेनेत गेला होता. २९ जुलै १९८७ ला करार झाला, दुसऱ्या दिवशी फौज उतरली, शांतता राखायला. ऑक्टोबरपासून ती तमिळ वाघांशी (एलटीटीईशी) लढत होती. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. सैन्य पाठवण्याआधी सभागृहाचं मत घेतलेलं नव्हतं. या बाई माझ्याकडे आल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. एका पत्रावर "ऑप पवन" (ऑपरेशन पवन, श्रीलंकेतल्या त्या मोहिमेचं नाव) एवढंच लिहिलेलं. एका कार्यालयानं त्यांच्या फाईलवर शेरा मारला होता: युद्ध जाहीर झाल्याचा पुरावा जोडावा. त्या मला विचारत होत्या, "वकीलसाहेब, हे कुठं मिळतं?" मी काय सांगणार? असा कागद अस्तित्वातच नव्हता. पेन्शनच्या नियमांत जाहीर युद्धाखेरीज परदेशातली शांतिसेनेची तैनाती येते आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या मोहिमाही येतात, हे दाखवून काम झालं, पण त्याला १४ महिने लागले. त्या शेऱ्याची आठवण झाली की आजही माझा संताप होतो. कारकुनाचा राग नाही. त्याच्यासमोर जी रिकामी जागा होती ती दिल्लीतून आलेली होती.

आता माझं मत. लढाईआधी संसदेची परवानगी, असा कायदा करा, असं मी म्हणणार नाही. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवच्या अध्यक्षांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून उडाले. सभागृह बोलवत बसलो असतो तर तिथलं सरकार उरलं नसतं. दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईचा ठराव २७२ विरुद्ध २८५ मतांनी पडला, सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी विरोधात मत दिलं म्हणून. आपल्याकडे असं मत देणाऱ्याला घरी बसावं लागेल. त्यामुळे आपल्याकडे नुसत्या मतदानावर भिस्त ठेवली तर तो शिक्का होईल.

मला हवा तो कायदा असा. शस्त्रधारी तुकडी भारताच्या हद्दीबाहेर गेली की सात दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे निवेदन: कुठे, कशासाठी, कुठल्या कायद्याच्या आधारानं, अंदाजे किती काळ. अधिवेशन नसेल तर पंधरा दिवसांत बोलवायचं, आणि लोकसभा बरखास्त असेल तर राज्यसभा. गुप्त ठेवण्यासारखा तपशील संरक्षणविषयक स्थायी समितीला बंद दाराआड. सहा महिन्यांपलीकडे मोहीम चालली तर दोन्ही सभागृहांचा ठराव, नाहीतर परत. हा सहा महिन्यांचा हिशेब अनुच्छेद ३५२ मुळे आपल्या ओळखीचा आहे. या ठरावापुरती पक्षादेशातून सूट. आणि मोजणी "लढाई" या शब्दावर सुरू करायची नाही, शस्त्र घेऊन हद्द ओलांडली या घटनेवर करायची, म्हणजे लिबियासारखा शब्दांचा खेळ होणार नाही. जर्मनीत याहून कडक व्यवस्था आहे: तिथल्या घटना न्यायालयानं १९९४ मध्ये सांगितलं की सशस्त्र सैन्य बाहेर जायचं तर संसदेची संमती लागेलच. २००५ मध्ये तसा कायदा झाला. निकड असेल तर आधी जाता येतं, पण नंतर संसद नाही म्हणाली तर परत यावं लागतं. तिथलं सैन्य त्यानं पांगळं झालेलं नाही.

चाचेगिरीविरुद्धची गस्त, पूरग्रस्तांची सुटका, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक, यांना यातून वगळायला माझी हरकत नाही. त्यांच्यापुरता वर्षातून एक अहवाल पुरे.

तुम्ही शेवटी विचारलंत, आपण काय करायचं. तुमच्या खासदारांना पत्र लिहा आणि एक अतारांकित प्रश्न विचारायला सांगा. सूचना पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच. "जहाजं कुठे आहेत" असं विचारू नका, सुरक्षेच्या कारणानं तो प्रश्न नाकारला जाईल. असं विचारा: अनुच्छेद ५३ (२) मध्ये सांगितल्याप्रमाणे संरक्षण दलांच्या भारताबाहेरच्या वापराचं विनियमन करणारा कायदा आणण्याचा सरकारचा विचार आहे काय; असल्यास केव्हा; नसल्यास कारणं काय. उत्तर लेखी येतं आणि कायमचं नोंदीत राहतं. लोकसभेच्या याचिका समितीकडे कोणाही नागरिकाला अर्ज करता येतो, त्यावर एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी घेतलीत तर बरं. मसुदा मी करून ठेवतो. रत्नागिरीला याल तेव्हा कोर्टाच्या आवारात या, दुपारी दोन ते अडीच मी बार रूममध्येच असतो. १८५८ च्या त्या कायद्याची प्रतही तुम्हाला दाखवीन.